हिरा कोणत्या उजेडात पारखायचा

ठाण्यात गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर कुठल्याही सराफाच्या दुकानात शिरलात की आधी छताकडे बघा. काउंटरच्या बरोबर वर छोट्या दिव्यांची रांग असते, प्रत्येकाचा झोत काचेवर नेमका पडेल अशी लावलेली. त्या झोतात अर्ध्या कॅरटचा उत्तम हिरा लखलखतो, बेताच्या घडणीचा लखलखतो आणि अमेरिकन डायमंडची कुडीही लखलखते. यात कोणी कोणाला फसवत नाही, दागिना मांडायची ती रीतच आहे. पण ज्या उजेडात सगळेच खडे सुंदर दिसतात, तिथे निवड करता येत नाही.

मी बरीच वर्षं हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये, म्हणजे प्रतवारीत काढली, मुंबईत आधी ऑपेरा हाऊसला आणि बाजार हलल्यावर बीकेसीत. त्यामुळे नात्यात किंवा सोसायटीत कोणाचं लग्न ठरलं की अंगठी बघायला मला सोबत नेतात. दरवेळी दिसतं ते असं की लोक कॅरट (वजन), रंग, क्लॅरिटी (आतली निर्मळता) यांचे आकडे-अक्षरं पाठ करून येतात, किमती तोंडावर असतात, आणि हिरा मात्र एकाच जागी, एकाच दिव्याखाली, दोन मिनिटं बघून ठरवतात. एवढे पैसे घालताना हे फार कमी आहे. उजेड बदलून बघायला अर्धा तास लागतो, खर्च काही नाही आणि सराफही सहसा आडकाठी करत नाहीत. फक्त कोणत्या उजेडाला कोणता प्रश्न विचारायचा हे ठाऊक हवं.

हिऱ्यात प्रकाशाचं काय होतं

हे थोडक्यात समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. हिऱ्याला स्वतःचा उजेड नाही. वरून पडलेल्या प्रकाशातला साधारण १७ टक्के भाग पृष्ठभागावरूनच परततो, उरलेला आत शिरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, २.४२ आहे. त्यामुळे आतला किरण खालच्या पैलूवर लंबाशी साधारण २४.४ अंशांहून जास्त कोनात आदळला तर बाहेर पडू शकत नाही, तो पूर्ण परावर्तित होतो. समोरच्या पैलूवर आपटून तो पुन्हा वर येतो आणि आपल्याला तेज दिसतं. कोन चुकला तर तोच किरण तळातून निसटतो आणि ती जागा राखाडी, निस्तेज दिसते. गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, तळाचं टोक घासलेलं असेल तर ५८. म्हणजे हिरा ही छोट्या आरशांची एक खोलीच आहे आणि त्या आरशांत दिसतं ते भोवतालच्या जगाचं प्रतिबिंब: दिवे, छत, खिडकी, तुमचा शर्ट, तुमचं डोकं.

डोळ्याला यातून तीन गोष्टी दिसतात. पांढरं तेज, इंद्रधनुषी रंगांच्या ठिणग्या (बाजारात याला फायर म्हणतात) आणि हिरा किंवा मान हलली की होणारी लुकलुक. या तिन्ही एकाच उजेडात सारख्या दिसत नाहीत. पसरलेल्या मऊ उजेडात तेज दिसतं पण फायर जवळजवळ मरतं. एकाच टोकदार दिव्याखाली फायर उफाळून येतं आणि बाकीचा हिरा काळवंडतो. म्हणून जागा बदलत बदलत बघायचं.

निघण्याआधी

आठवड्यातला साधा दिवस निवडा, सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान. धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा गुरुपुष्याला हिरा निवडायला जाऊ नका. मुहूर्त साधायचा असेल तर निवड आधी करून ठेवा आणि त्या दिवशी फक्त बिल करा. गर्दीत विक्रेत्याला तुमच्याबरोबर दारापर्यंत यायला सवड नसते, आणि दारापर्यंत तर जायचंच आहे.

कपडे पांढरे, राखाडी किंवा काळे घाला. लाल-केशरी साडी नेसून बसलात की तिचाच रंग खड्यात उतरतो. सोबत एक कोरं पांढरं व्हिजिटिंग कार्ड, चष्मा पुसायचं मऊ कापड आणि असलं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. भिंग दुकानातही मिळतं. एवढं पुरे.

दुकानात खडा हातात आला की बघण्याआधी पुसून घ्या, किंवा त्यांना पुसून द्यायला सांगा. हिरा तेल धरून ठेवतो. पाणी त्यावर टिकत नाही, पण स्निग्ध पदार्थ घट्ट चिकटतात. खाणीत दळलेल्या खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली टेबलं वापरायचे ती याच गुणामुळे. दिवसभरात दहा गिऱ्हाइकांच्या बोटांतून गेलेल्या अंगठीच्या तळाशी तेलाचा थर बसलेला असतो, आणि त्यामुळे चांगल्या घडणीचा हिराही झोपल्यासारखा दिसतो. मळलेल्या खड्याची तुलना पुसलेल्या खड्याशी झाली की निकाल उलटाच लागतो.

काउंटरचा दिवा: इथे ठरवू नका

झोताखाली जरूर बघा. त्या उजेडात फायर आणि लुकलुक छान कळते. पण तिथे दोन खड्यांतला फरक शोधू नका, सापडणार नाही. शिवाय त्या दिव्यांकडे आणि काचेतल्या लखलखाटाकडे पाच-दहा मिनिटं बघितलं की डोळा थकतो आणि बारीक छटा हातच्या सुटतात. मधेमधे पांढऱ्या कार्डाकडे किंवा बाहेर रस्त्याकडे बघून डोळ्यांना विसावा द्या. बाहेरच्या कडक उन्हातून नुकतेच आत आला असाल तर आधी पाच मिनिटं बसा, पाणी प्या.

मग सरळ विचारा. माझं ठरलेलं वाक्य आहे: "दादा, वरचा हा दिवा दोन मिनिटं बंद करता का? नाहीतर आपण त्या भिंतीच्या बाजूला बसू." बहुतेक ठिकाणी एक बटण दाबून काम होतं. नाही झालं तर हिशेबाच्या टेबलाजवळ, जिन्याखाली, कुठेतरी साधी ट्यूबलाइट असतेच, तिथे न्या. तीही नसेल तर आपली ओंजळ खड्यावर छपरासारखी धरून थेट झोत अडवा. एवढं विनंतीने सांगूनही कोणी दिव्याबाहेर हिरा न्यायलाच तयार नसेल, तर मी तिथून उठते. या गावात दुकानांची वाण नाही.

पसरलेला उजेड: खरी परीक्षा

ट्यूबलाइट, छतातले मोठे चौकोनी एलईडी पॅनेल, पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ, हे सगळे पसरलेले उजेड. आपलं बहुतेक आयुष्य यातच जातं: ऑफिसात, लोकलच्या डब्यात, स्वयंपाकघरात. अंगठी रोज घालायची असेल तर तिचं खरं रूप हेच. फायर इथे कमी दिसणार हे धरून चाला, त्याची काळजी नको. इथला प्रश्न एकच: किती तेज परत येतंय आणि ते कसं पसरलंय.

खडा डोळ्यांपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, साधारण पुस्तक वाचतो तेवढ्या अंतरावर धरा. फार जवळ नेलात तर तुमच्याच डोक्याची सावली त्यात पडते. मधल्या पैलूंत नेमकं समोरचं दिसतं, आणि समोर तुमचं डोकं असतं. थोडी सावली हवीही असते. चांगल्या गोल हिऱ्यात मधून बाहेर जाणारे आठ गडद बाण दिसतात ते याच सावलीने, आणि त्या काळ्या-पांढऱ्या विरोधामुळेच हिरा जिवंत वाटतो. नुसता पांढराफटक खडा चमकदार असूनही सपाट दिसतो.

आता खडा अगदी हळू झुकवा. पंधरा-वीस अंश पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. गडद आणि उजळ पट्ट्यांची अदलाबदल व्हायला हवी. काळा होता तो उजळला, उजळ होता तो काळा झाला, असं. एखादी जागा कसंही झुकवलं तरी राखाडीच राहिली, तर तिथून प्रकाश तळातून गळतोय. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

काही खोड्या नेमक्या याच उजेडात पकडता येतात. खालचा भाग, म्हणजे पॅव्हेलियन, फार खोल असेल तर मधोमध काळा गोळा बसलेला दिसतो. त्याला नेलहेड म्हणतात आणि झुकवूनही तो हलत नाही. पॅव्हेलियन फार उथळ असेल तर वरच्या सपाट टेबलाच्या आत करड्या रंगाचं कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. ते कडं म्हणजे हिऱ्याच्या कंबरेचं, गर्डलचं प्रतिबिंब. ओव्हल, मार्क्विझ आणि पेअर या लांबट आकारांत मधे आडवा काळा पट्टा येतो, बो-टायच्या आकाराचा. तो थोडाफार जवळपास प्रत्येक लांबट हिऱ्यात असतोच. झुकवल्यावर फुटत असेल तर चालेल, पण ठाम बसून राहत असेल तर दुसरा खडा मागा. ओव्हलची हल्ली फार फॅशन आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. हिरे तपासणारी जीआयए ही प्रयोगशाळा २००६पासून आपल्या सर्टिफिकेटवर कटची, म्हणजे घडणीची श्रेणी देते ती गोल हिऱ्यांसाठी सुरू झाली. लांबट आकारांत बो-टाय किती आहे हे कागद सांगत नाही, ते डोळ्यांनीच ठरवायचं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याच्या वेळचं उदाहरण देते. दोन खडे समोर होते, दोन्ही ०.५० कॅरट, दोन्ही जी रंगाचे (रंगाची अक्षरं सगळ्यात पांढऱ्या डीपासून पुढे पिवळसर होत जातात), व्हीएस२ क्लॅरिटीचे, म्हणजे आतले डाग अगदी बारीक. झोताखाली दोन्ही सारखे, आणि पोरगी म्हणाली, "मावशी, स्वस्तातला घेऊया ना, काही फरकच दिसत नाहीये." आम्ही दोन्ही खडे चिमट्यात धरून हिशेबाच्या टेबलावरच्या ट्यूबखाली नेले. स्वस्त खड्यात टेबलाच्या कडेला आतून एक राखाडी कडं उमटलं, वाकडं-तिकडं केलं तरी तिथेच. दुसऱ्यात तेज काठापासून काठापर्यंत सलग होतं. मग सर्टिफिकेटं उलगडली. पहिल्याचा वरचा कोन ३६ अंश, खालचा ४१.८. दुसऱ्याचा ३४.५ आणि ४०.८. हे माशाच्या डोळ्याचं कडं नव्हे. दोन्ही कोन तीव्र असले की प्रकाश नेमका टेबलाच्या कडेखालून निसटतो. शिवाय पहिल्याचं वजन खोलीत गेल्यामुळे तो वरून बारीकही दिसत होता, व्यास जेमतेम ५ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ५.१५. पैसे सारख्याच वजनाचे मोजायचे आणि बोटावर लहान हिरा घालायचा, असा तो सौदा होता. तिनेच दुसरा निवडला, मला काही सांगावं लागलं नाही.

सुटा खडा असेल तर आणखी एक सोपी तपासणी आहे. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, टोक खाली करून हिरा ठेवा आणि वरून सरळ बघा. आतून कातडीचा रंग ठिकठिकाणी स्पष्ट दिसला तर तेवढी गळती आहे. काठाला थोडं दिसणं चालतं, टेबलाखाली दिसणं चालत नाही.

रंग बघायचा तर खिडकी आणि पांढरं कार्ड

रंगासाठी असॉर्टर मंडळी पूर्वापार उत्तरेच्या खिडकीतला उजेड वापरत आली. उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही आणि दिवसभर उजेड बराचसा एकसारखा राहतो. प्रयोगशाळेत आता साधारण ६५०० केल्विनचे (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दिवसाच्या उजेडाशी जुळणारे दिवे असतात आणि खडा उलटा, टेबल खाली करून, नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून बघतात. उलटा अशासाठी की सरळ ठेवलेल्या हिऱ्याचं तेज रंग झाकून टाकतं.

तुम्हीही तेच करा. व्हिजिटिंग कार्डाची घडी घालून पन्हाळी करा, तिच्यात खडे पोट वर करून शेजारी शेजारी ठेवा आणि खिडकीजवळ किंवा दाराजवळ, ऊन न पडणाऱ्या जागी, बाजूने बघा. एकच खडा बघून रंग कळत नाही. दोन-तीन शेजारी असले की पिवळसर झाक लगेच वेगळी पडते. हिऱ्याच्या पुडीतला आतला कागद पुष्कळदा निळसर असतो, त्यावर ठेवून रंग ठरवू नका. निळा पिवळ्याला मारतो आणि खडा होता त्याहून पांढरा दिसतो.

आपल्याकडे पावसाळ्यात याच कारणाने फसायला होतं. इमारतींवर, दुकानांच्या पुढच्या छपरांवर निळी ताडपत्री चढते आणि तिच्याखालून येणारा सगळा उजेड निळा असतो. तशा दारात उभं राहून रंग बघण्यात अर्थ नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये खिडक्यांना रंगीत काच असते, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत समोरची नवी गुलाबी भिंत खोलीत रंग फेकते. घरी तपासताना पडदा बाजूला घ्या, काच उघडा आणि खिडकीबाहेर काय आहे ते बघा.

उलट, घरातले पिवळे वॉर्म व्हाइट दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात. त्यांच्याखाली डी रंगाचा हिराही उबदार दिसतो आणि जे रंगाचाही. म्हणून पिवळ्या सोन्याच्या कोंदणात बसवायचा खडा असेल तर मी एच, आय, अगदी जे रंगापर्यंतही निर्धास्त जाते. सोन्याची छटा त्यात उतरतेच, मग डी-ई रंगाचे जास्तीचे पैसे कशाला? तेवढ्यात कट सुधारतो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात मात्र जी-एचच्या खाली उतरताना खिडकीत नीट बघून घ्या.

फूटपाथ, झाडाची सावली आणि कडक ऊन

आता विक्रेत्याला बरोबर घेऊन दाराशी किंवा पायरीपर्यंत या. खडा त्याच्याच हातात राहू द्या, त्याची जबाबदारी आहे ती. थेट उन्हात हिरा बघितला की लोक दचकतात, कारण तो अचानक काळा पडतो आणि त्यात मोजक्याच, पण डोळ्यांत घुसणाऱ्या रंगीत ठिणग्या उडतात. हा दोष नाही. उन्हात बाहुली आक्रसते, ठिणग्या इतक्या प्रखर असतात की त्यांच्या तुलनेत बाकीचा खडा गडद वाटतो. उन्हात तेज मोजू नका, रंगही ठरवू नका. फक्त फायर बघा, तेही क्षणभर.

सगळ्यात सुंदर उजेड झाडाखालचा. पानांतून ठिपक्याठिपक्यांनी ऊन पडतं, मधे मऊ सावली असते, त्यामुळे तेज, फायर आणि लुकलुक तिन्ही एकदम दिसतात. अंगठी घरी आणल्यावर तलावपाळीच्या झाडांखाली सकाळी एक फेरी मारा आणि हात हलवून बघा. त्या उजेडात हिरा मलूल वाटला तर कुठेच खुलणार नाही.

दाराशी आलाच आहात तर फ्लोरोसन्सही बघून घ्या. काही हिरे अतिनील किरणांत स्वतः चमकतात, बहुतेक निळे. सर्टिफिकेटवर नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग असं लिहिलेलं असतं. साध्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळपास नसतात, बाहेरच्या उजेडात असतात. म्हणून स्ट्राँग लिहिलेला खडा आत एक आणि बाहेर दुसराच दिसू शकतो. आय-जे रंगाचा असेल तर बाहेर पांढरट दिसून फायदाच होतो. मोजक्या हिऱ्यांत मात्र बाहेर गेल्यावर दुधट धूसरपणा येतो, काचेवर वाफ धरल्यासारखा. असा खडा घेऊ नका. नुसतं स्ट्राँग हे अक्षर वाचून चांगला हिरा नाकारूही नका, कारण तो बाजारात स्वस्त मिळतो आणि धूसर नसेल तर त्यात तोटा काही नाही. खात्री करायची तर गल्ल्यावरचं नोटा तपासायचं यंत्र मागा. त्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की निळी चमक किती आहे ते समोर दिसतं. दोन कुड्या घेत असाल तर ही तपासणी आवर्जून करा. एक कुडी निळी पेटली आणि दुसरी काळी राहिली तर उन्हात जोड जुळणार नाही.

संध्याकाळ, समई आणि लग्नाचा हॉल

एखादा दागिना वर्षातून चार वेळाच निघतो, तोही संध्याकाळी. त्याच्यासाठी हीच परीक्षा महत्त्वाची. सगळे दिवे मालवून एकच दिवा ठेवा. घरी समई किंवा निरांजन, दुकानात फोनचा टॉर्च हातभर लांब धरला तरी चालेल. अंधारात बाकीचा उजेड ठिणग्यांना झाकत नाही, त्यामुळे फायर जास्त दिसतं. चांगल्या घडणीचा हिरा मोठ्या, संथ रंगीत ठिणग्या टाकतो, ज्योत हलली की त्याही हलतात. कमी पडणारा हिरा अशा वेळी एखादी ठिणगी टाकून विझतो.

इथे एक सावधगिरी. ठिणग्यांचा रंग भडक, जत्रेतल्या दिव्यांसारखा, आणि पांढरं तेज नावाला असेल तर खडा हिरा आहे का हे तपासा. हिऱ्याचं वर्ण-अपस्करण, म्हणजे प्रकाश रंगांत फोडण्याचं माप, ०.०४४ आहे, मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याचं ०.१०४, म्हणजे दुपटीहून जास्त. भिंगातून थोडं तिरपं बघितलं की मोइसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याच्या एकेरीच. लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याची गोष्ट वेगळी. तोही हिराच, त्याचे प्रकाशाचे गुण तेच, त्यामुळे कुठल्याही दिव्याखाली तो नैसर्गिकपासून नुसत्या डोळ्यांनी वेगळा काढता येत नाही. तिथे प्रयोगशाळेचा कागदच हवा.

बारीक खडे, चमकी आणि मंगळसूत्र

लहान खड्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. खडा जितका लहान तितके पैलू बारीक आणि ठिणग्याही बारीक, त्यांतले रंग डोळ्याला वेगळे दिसेनासे होतात. म्हणून नाकातल्या चमकीत किंवा मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये फायर शोधू नका, पांढरी लुकलुक शोधा. अगदी बारीक खड्यात १७ पैलूंचा सिंगल कट ५७ पैलूंच्या फुल कटपेक्षा मोठ्या झळका देतो. जुन्या दागिन्यांत तो भेटला तर कमी प्रतीचा समजू नका.

अशा दागिन्यात सगळे खडे एकसारखे आहेत का हे बघायचं. पसरलेल्या उजेडात हातभर लांब धरा. एखादा खडा करडा, तपकिरी किंवा झोपलेला असेल तर ओळीत लगेच खटकतो. कोंदण मागून बंद असेल तर साफ कसं करायचं हे घेण्याआधीच विचारा.

फोनवरचे व्हिडिओ

ऑनलाइन व्हिडिओ फार उजळ, सगळीकडून पसरलेल्या उजेडात काढलेले असतात आणि कॅमेरा रंग आपोआप पांढरा करून घेतो. त्यावरून आतला डाग किंवा बो-टाय दिसतो, तेज आणि रंग ठरत नाही. दुकानात काढलेल्या तुमच्या स्वतःच्या व्हिडिओचंही तेच. दोन खडे एकाच चौकटीत, एकाच वेळी घेतले तर तुलनेपुरता उपयोग होतो.

एकाच भेटीत हे सगळं कसं बसवायचं

तीनपेक्षा जास्त खडे समोर मागवू नका, डोळा गोंधळतो. आधी तिन्ही पुसून घ्या. ट्यूबखाली नेऊन गळती, कडं, बो-टाय बघा, बहुतेक वेळा एक खडा इथेच गळतो. उरलेल्या दोघांचा रंग खिडकीत कार्डावर. मग दाराशी सावलीत, नोटांच्या यंत्राखाली, आणि शेवटी दिवा कमी करून टॉर्चखाली. काउंटरचा झोत सगळ्यात शेवटी, हौसेपुरता. प्रत्येक ठिकाणी कोणता आवडला ते कागदावर लिहा, सोबतच्या माणसाला वेगळं लिहायला सांगा आणि नंतर ताडून बघा. खडे पुडीत घालताना त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, पुडीवरचा नंबर आधी लिहून घ्या.

सर्टिफिकेट जीआयए, आयजीआय अशा प्रयोगशाळेचं असलं की गर्डलवर लेसरने नंबर कोरलेला आहे का ते विचारा आणि भिंगातून कागदावरच्या नंबरशी ताडा. सोन्यावरचं हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) सोन्याच्या शुद्धतेचं असतं, हिऱ्याबद्दल ते काही सांगत नाही. सर्टिफिकेटचा नंबर बिलावर लिहून घ्या, परत द्यायची किंवा बदलायची मुदत आणि बायबॅकची, म्हणजे दुकानाने हिरा परत विकत घेण्याची अटही बिलावरच लिहून घ्या.

अंगठी घडून आली की ताब्यात घेण्याआधी तोच नंबर पुन्हा भिंगातून बघा. कोंदणाच्या नखांखाली नंबर झाकला गेला असेल तर बसवण्याआधीच तो उघडा राहील असं कारागिराला सांगायला हवं, म्हणून ऑर्डर देतानाच बोला. घरी आल्यावर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून पंधरा मिनिटं भिजत ठेवा, मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा, कारण तेल तिथेच साठतं. धुताना बेसिनच्या जाळीवर वाटी ठेवा.